भूकंप आणि इमारतीचे जोडभाग : धोक्याची पाहणी कशी करावी

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील या दोन्ही मोठ्या भूकंपांच्या वेळी माणसे आपापल्या घरात झोपलेली होती. कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० आणि किल्लारी परिसरात जवळजवळ ८ हजार माणसे दगावली. यांतील बहुतेक घरांच्या पडझडीत सापडली. शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या त्या घटकेला रिकाम्या होत्या. हेच धक्के सकाळी ११ वाजता बसले असते तर वर्गात, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत आणि ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात काय घडले असते, या प्रश्नाचा विचार पुरेशा गांभीर्याने झालेला नाही. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ चा भूकंप भर दुपारी झाला. परंतु तो शनिवार होता आणि तेथे शनिवारी शाळांना सुटी असते. सुटीचा दिवस आणि पहाटेची वेळ यांच्या भरवशावर राहता येणार नाही, हे उघड आहे.

भूकंप म्हटला की इमारत पडेल की उभी राहील एवढाच प्रश्न आपण विचारतो. तो महत्त्वाचा आहेच. परंतु इमारत उभी राहूनही आतली माणसे जखमी होतात, दगावतात, आणि ज्या कामासाठी इमारत बांधली ते काम बंद पडते. याचे कारण असे की, पाया, खांब, तुळया, स्लॅब आणि भार वाहणाऱ्या भिंती हा इमारतीचा केवळ सांगाडा होय. त्याच्या आधाराने जे जे उभे, टांगलेले, चिकटवलेले किंवा नुसतेच ठेवलेले असते, म्हणजे गच्चीचा कठडा, आडभिंती, छज्जे, कौले, खोटे छत, खिडक्यांची तावदाने, पाण्याच्या टाक्या, नळ, विजेचे फलक, कपाटे, मांडण्या, यंत्रे, त्या सर्वांना स्थापत्यशास्त्रात असंरचनात्मक भाग म्हणतात. या लेखात त्यांना आपण सोयीसाठी जोडभाग म्हणू. अभियंता सांगाड्याचे गणित करतो. जोडभाग पुष्कळदा गवंडी, सुतार, नळजोडणीवाला आणि शिपाई यांच्या हातून त्यांच्या सोयीने बसतात आणि त्यांचे गणित कोणीच केलेले नसते.

एका रुग्णालयाची कथा

अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराजवळ ऑलिव्ह व्ह्यू नावाचे सार्वजनिक रुग्णालय आहे. त्याची नवी इमारत ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात, बांधून पूर्ण झाल्यावर अल्पावधीतच, निकामी झाली. त्या अनुभवाने शहाणे होऊन तेथे पुन्हा जे रुग्णालय बांधले त्याचा सांगाडा अतिशय भक्कम करण्यात आला. १७ जानेवारी १९९४ रोजी नॉर्थरिजचा भूकंप झाला, तेव्हा हा सांगाडा परीक्षेत उतरला. परंतु आग विझविण्यासाठी छतातून नेलेले पाण्याचे नळ आणि वातानुकूलनाचे नळ ठिकठिकाणी तुटले, मजल्यांवर पाणी झाले आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले. ज्या दिवशी रुग्णालयाची सर्वाधिक गरज होती त्याच दिवशी ते रिकामे करावे लागले. सांगाडा वाचविणे आणि रुग्णालय वाचविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

खर्चाच्या बाजूनेही पाहावे. अमेरिकेतील इमारतींच्या एका सुपरिचित अभ्यासात असे आढळले की, रुग्णालयावर होणाऱ्या एकूण गुंतवणुकीत सांगाड्याचा वाटा शेकडा ८ इतकाच असतो. शेकडा ४८ जोडभागांचा आणि उरलेला शेकडा ४४ आतील उपकरणे व सामान यांचा असतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे प्रमाण असेच असेल असे नाही. तरी शीतपेट्या, निर्जंतुकीकरणाची यंत्रे, सूक्ष्मदर्शक, जनित्र आणि औषधसाठा यांची बेरीज करून पाहिली म्हणजे या विषयाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही हे ध्यानी येते.

जोडभाग का निसटतात

भूकंपात जमीन आडवी हलते, तिच्याबरोबर पाया हलतो. परंतु वरील वस्तू आपल्या जडत्वामुळे मागे राहू पाहते. घट्ट बांधलेली वस्तू इमारतीबरोबर हलते, न बांधलेली सरकते, डुलते किंवा उलथते. उंच मजल्यावर हा हिसका वाढतो. अमेरिकेत दीर्घकाळ वापरात असलेल्या सूत्रात छपराच्या पातळीवरील हिसका जमिनीवरील हिसक्याच्या तिप्पट धरला जात असे. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांतही छपराच्या वर उभ्या असणाऱ्या कठडे, टाक्या, धुराडी यांसारख्या भागांसाठी, इमारतीसाठी धरलेल्या आडव्या भूकंप-गुणांकाच्या पाचपट गुणांक धरावा, असे सांगितले आहे. पाचपट हा आकडा पंचायत सदस्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. गच्चीवर काहीही उभारण्याचा ठराव येईल तेव्हा तो उपयोगी पडेल.

याचे एक साधे गणित आहे आणि ते शाळेतील मुलांनाही करता येईल. जमिनीवर नुसती उभी असलेली चौकोनी वस्तू केव्हा डुलू लागते? तिच्या जाडीला उंचीने भागावे. येणारे उत्तर म्हणजे, वस्तूच्या वजनाच्या किती पट आडवा जोर लागला की तिची एक कड उचलली जाईल, त्याचा अंदाज होय. कार्यालयातील नेहमीचे लोखंडी कपाट ७८ इंच उंच आणि १९ इंच खोल असते. भागाकार सुमारे ०.२४ येतो. आता गच्चीचा ९ इंची विटांचा, १ मीटर उंचीचा कठडा घ्या. जाडी ०.२३ मीटर, उंची १ मीटर; भागाकार ०.२३. म्हणजे विटांचा चुना-सिमेंट जुना होऊन सांधा सुटला असेल तर तो कठडा आणि ते कपाट सारखेच डळमळीत आहेत. फरक इतकाच की, कठड्याच्या दर मीटर लांबीचे वजन सुमारे साडेचारशे किलो भरते आणि तो उंचावरून, बहुधा दाराच्या बाहेर, पळणाऱ्या माणसांवर पडतो. कठडा साडेचार इंची असेल तर भागाकार आणखी निम्मा होतो.

१९६७ च्या भूकंपात कोयना धरणातील उपकरणाने नोंदविलेला सर्वाधिक आडवा प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या ०.६३ पट होता. तो ०.२४ च्या अडीचपटीहून अधिक आहे. अर्थात क्षणभर डुलणे आणि उलथून पडणे यांत फरक आहे. अगदी अल्पकाळ टिकणारा हिसका कपाट हलवून सोडून देतो. म्हणून हा भागाकार म्हणजे भाकीत नव्हे. कोणत्या वस्तूकडे आधी पाहावे एवढेच तो सांगतो, आणि पाहणीसाठी तेवढे पुरेसे आहे.

जोडभागांचे नुकसान होण्याचे दुसरे कारण म्हणजे मजल्यांचा परस्परांच्या तुलनेत होणारा सरकाव. वरील मानकात हिशेबातील हा सरकाव मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीपर्यंत चालतो, म्हणजे ३ मीटरच्या मजल्यात १२ मिलिमीटर. तीव्र भूकंपात प्रत्यक्ष सरकाव याहून बराच अधिक होऊ शकतो. खांब-तुळयांचा सांगाडा तो सहन करतो, परंतु चौकटीत गच्च बसविलेली काच, खांबांच्या मध्ये चिणलेली आडभिंत किंवा दोन इमारतींच्या सांध्यातून सरळ नेलेला नळ तो सहन करीत नाही. दोन वर्गखोल्यांच्या मधला सांधा ओलांडून जाणारे नळ पाहणीत हटकून तपासावेत.

पाहणीपूर्वीचा एक प्रश्न

येथे एक इशारा देणे भाग आहे. किल्लारी परिसरातील पडलेल्या असंख्य घरांच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या आणि वर मातीचे जड माळवद होते. अशा घरात भिंत हाच सांगाडा असतो. तेथे कपाटाला खिळा मारून काही साधत नाही. उलट खिळा मारताना दगड सैल होण्याची भीती. म्हणून पाहणीचा पहिला प्रश्न ‘काय पडेल?’ हा नसून ‘ही इमारत स्वतः उभी राहील काय?’ हा आहे. माती-दगडाच्या भिंती, फुगवटा आलेली भिंत, कोपऱ्यात उभ्या भेगा, वाळवी लागलेले वासे, पट्टे नसलेले जुने बांधकाम यांपैकी काही दिसले की, तो विषय बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडे लेखी पाठवावा आणि तोपर्यंत त्या खोलीत वर्ग भरवू नये. भूकंपक्षेत्राच्या नकाशावर फार विसंबू नये हेही किल्लारीने शिकविले आहे. १९८४ च्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ साली नकाशा बदलून तो तिसऱ्या क्षेत्रात घेण्यात आला. या दोहोंच्या मधे १९९३ साल येऊन गेले.

पाहणी बाहेरून सुरू करावी

सांगाडा समाधानकारक असेल तर पाहणी दारापासून नव्हे, फाटकापासून सुरू करावी. कारण धक्का बसताच माणसे धावतात ती बाहेर, आणि इमारतीच्या कडेचा पाच-सहा हातांचा पट्टा हीच सर्वांत घातक जागा असते. कठडे, छज्जे, कडेची कौले, कुंड्या, नावाच्या जड पाट्या, वातानुकूलन यंत्रांचे बाहेर काढलेले भाग, सर्व काही येथेच येऊन पडते. दुपाखी छपराच्या शाळेत टोकाच्या भिंतीचा जो त्रिकोणी भाग छपरापर्यंत चढविलेला असतो, तो वरून कोणत्याही गोष्टीला बांधलेला नसेल तर बाहेरच्या बाजूस कोसळतो. मंगलोरी कौलांच्या कडेच्या तीन-चार ओळी तारेने रिपांना बांधून घेणे हे एका दिवसाचे काम आहे. दारावर येणाऱ्या भागापासून सुरुवात करावी.

कुंपणाच्या भिंतीविषयी जपानमधील एक घटना प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावी अशी आहे. १८ जून २०१८ रोजी सकाळी, शाळेला जाण्याच्या वेळी, ओसाका परिसरात ६.१ तीव्रतेचा भूकंप झाला. ताकात्सुकी शहरातील एका प्राथमिक शाळेच्या पोहण्याच्या तलावाभोवतीची भिंत रस्त्यावर कोसळली आणि त्याच शाळेतील ९ वर्षांची विद्यार्थिनी तिच्याखाली सापडून मृत्यू पावली. जुन्या पायाभिंतीवर नंतर सिमेंटच्या ठोकळ्यांचे थर चढवून ती सुमारे साडेतीन मीटर उंच केलेली होती. जपानच्या नियमांप्रमाणे ठोकळ्यांच्या भिंतीला २.२ मीटर ही उंचीची कमाल मर्यादा आहे आणि १.२ मीटरहून उंच भिंतीला आधारभिंती आवश्यक आहेत. या भिंतीत ना मर्यादा पाळली होती, ना आधारभिंती होत्या. शाळेची इमारत मात्र उभी राहिली. भूकंपाच्या तयारीत जगात अग्रेसर समजल्या जाणाऱ्या देशातील ही गोष्ट आहे.

आपल्याकडेही कुंपणाची भिंत अशीच टप्प्याटप्प्याने वाढते. एका वर्षीच्या निधीतून तीन फूट, पुढे गुरे येतात म्हणून आणखी दोन फूट, त्यावर काचा किंवा तारा. फाटकावरच्या कमानीचीही तीच कथा. देणगीदाराच्या नावाची सिमेंटची जड कमान दोन सडपातळ खांबांवर उभी राहते आणि तिच्याखालून रोज दोनदा सगळी शाळा जाते. देणगी नाकारावी असे कोणी म्हणणार नाही. तेच नाव फाटकाशेजारी जमिनीलगत बसविलेल्या शिळेवरही तितकेच शोभून दिसते.

मुलांना बाहेर कोठे जमवावयाचे, याचा निर्णयही याच पाहणीत व्हावा. भुजच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अंजार येथे प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतील मुले व शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या ढिगाऱ्याखाली गाडले गेले. ही मुले उघड्यावरच होती. परंतु ती गल्ली मोकळी जागा नव्हती. जमण्याची जागा भिंत, टाकी, विजेची तार आणि मोठे झाड यांपासून त्यांच्या उंचीइतकी तरी दूर असावी.

आतल्या खोल्या

आत गेल्यावर प्रत्येक खोलीत मध्यभागी उभे राहून वरून खाली नजर फिरवावी आणि तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू पडली तर कोणाला लागेल? ती मोडली तर किती नुकसान होईल? ती बंद पडली तर कोणते काम थांबेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणाला तरी’ असे येत असेल तर उरलेल्या दोहोंची वाट न पाहता ती वस्तू यादीत वर घ्यावी. वस्तू तीच, परंतु जागेप्रमाणे धोका बदलतो. भांडारातील कपाट पडले तर नुकसान होईल. तेच कपाट वर्गाच्या एकमेव दारालगत असेल तर चाळीस मुलांची वाट अडेल.

अभिलेख कक्षांविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका कचेरीत लाकडी मांडण्या छतापर्यंत गेल्या होत्या, त्यांवर रुमालात बांधलेल्या दप्तरांचे ढीग होते, आणि दोन मांडण्यांच्या मधल्या दीड हाताच्या बोळकांडीत एक लिपिक टेबल मांडून दिवसभर बसत असे. कागद किती जड असतो याची कल्पना दप्तर उचलल्याशिवाय येत नाही. अशा मांडण्या वरच्या बाजूने एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडाव्यात, टोकाची मांडणी भिंतीला कोनपट्टीने बांधावी, जुनी जड दप्तरे तळाच्या फळीवर आणावीत आणि लिपिकाचे टेबल खोलीबाहेर हलवावे. शेवटच्या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही. त्या कचेरीत त्या झाल्या, एवढे सांगावयास आनंद वाटतो.

कपाट भिंतीला बांधताना भिंत कोणती हे पाहावे. गिलाव्यात ठोकलेला खिळा उपयोगाचा नाही. पक्क्या विटेत गुल्ली बसवून त्यात स्क्रू पिळला पाहिजे. साडेचार इंची आडभिंत स्वतःच डोक्याशी सुटी असेल तर तिला कपाट बांधणे म्हणजे एकाच्या जोडीने दुसऱ्यालाही पाडणे होय. तेथे आधी आडभिंतीचा वरचा काठ तुळईला लोखंडी कोनांनी धरून ठेवावा लागतो आणि ते काम अभियंत्याच्या सल्ल्याने करावे. कपाटांच्या माथ्यावर ठेवलेल्या पेट्या, नकाशांच्या गुंडाळ्या, चषक, मोडकी खुर्ची हे सर्व खाली उतरवावे. प्रयोगशाळेतील आम्लांच्या बाटल्या डोळ्यांच्या पातळीखाली ठेवून फळीच्या पुढच्या कडेला पट्टी मारावी. एकत्र आल्यास पेट घेणारी रसायने निरनिराळ्या कपाटांत ठेवावीत. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात उभी गॅसची टाकी साखळीने भिंतीला बांधावी. पंखे, ट्यूब, फळे यांच्यासाठी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. आकडा आणि दांडा शाबूत आहे एवढे पाहावे.

आरोग्य केंद्रात काम चालू राहणे याला पहिल्या प्रश्नाइतकेच महत्त्व आहे. प्राणवायूची उभी नळकांडी दोन ठिकाणी साखळीने बांधलेली असावीत. लसीची शीतपेटी, तिला वीज देणारे जनित्र, जनित्राची बॅटरी आणि इंधनाची टाकी ही एकच साखळी आहे. बॅटरी घडवंचीवरून पडली की जनित्र सुरू होत नाही आणि लस वाया जाते. गच्चीवरील १ हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे १ टन वजन. ती विटांच्या सुट्या खांबांवर ठेवलेली असेल तर ती बदलण्याचे काम यादीत अगदी वर घ्यावे. टाकीला नळ जोडताना मधे लवचिक तुकडा घालावा.

नोंद आणि निर्णय

या सर्वाची नोंद साध्या वहीत करता येते. खोली, वस्तू, ती कशाने धरली आहे, तिच्याखाली कोण आणि कोणत्या वेळी असते, बंद पडल्यास काय थांबते, उपाय आणि तो कोणी करावयाचा, असे सात रकाने पुरेत. वही भरून झाली की कामांची तीन भागांत वाटणी करावी. जी नुसती हलविण्याने सुटतात ती त्याच आठवड्यात करावीत. ज्यांना सुतार, लोहार किंवा गवंडी लागतो ती सादिलवार खर्चातून किंवा ग्रामपंचायतीच्या देखभालीच्या रकमेतून उरकावीत. कठडा, कमान, कुंपण, आडभिंत आणि टाकीचा आधार ही कामे अभियंत्याच्या अंदाजपत्रकाशिवाय हाती घेऊ नयेत. अनुभव असा की, वह्या भरल्या जातात आणि तिसऱ्या भागातील कामांची वाट पाहत पहिल्या भागातीलही राहून जातात.

पाहणी एकट्याने करू नये. मुख्याध्यापकाला सवयीने जे दिसत नाही ते पंचायतीच्या सदस्याला दिसते आणि दोघांना जे दिसत नाही ते शिपायाला ठाऊक असते. सातवी-आठवीच्या मुलांना मोजपट्टी देऊन जाडी-उंचीचा भागाकार काढावयास सांगावा. यादी लवकर तयार होते.

पाटण तालुक्यात कोयना-वारणा पट्ट्यात लहान धक्के वर्षानुवर्षे बसत आले आहेत. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि २०२४ साली हिंगोली-नांदेड भागातही जमीन हादरली. अशा लहान धक्क्यानंतर लोक घाबरून काही वेळ बाहेर थांबतात आणि परत कामाला लागतात. तेवढ्या वेळात वही काढावी. कोणते कपाट भिंतीपासून बोटभर पुढे आले, कोणत्या फळीवरची बाटली कडेला सरकली, कठड्याच्या कोणत्या सांध्यातून वाळू गळाली, हे तारीख आणि वेळ घालून त्याच रकान्यांत लिहावे. पुढच्या धक्क्यानंतर त्याच जागा पुन्हा पाहाव्यात.